खडीसाखर विरघळेपर्यंत

ताई, काल मी पुन्हा खडीसाखर फोडली. कडकन. सगळ्या व्हरांड्यात ऐकू गेली. सतरा पोट्ट्यांच्या माना माझ्याकडे वळल्या आणि माझी नजर सवयीने तुझ्या खुर्चीकडे गेली. खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बसू नका असं कुणाला सांगावंही लागलं नव्हतं.

तू जाऊन सोळा दिवस झाले. तेरावं आटोपलं, पाहुणे परतले, माझी आतेबहीण गेली म्हणून दारावर येणारेही थांबले. आता जे उरलंय ते तुझ्यामाझ्यातलं आहे, आणि ते भांडण आहे. तू गेल्यावर ते आपोआप मिटेल असं मला पहिल्या दोन दिवसांत वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, थोडं हायसंही वाटलं होतं. त्याची लाज मला या सोळा दिवसांत रोज वाटली आहे.

भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, ‘बाईंनी मंडळातल्या मुलांना घडवलं.’ मी मान हलवत होतो. मुलांना काय घडवलंस ते मुलं सांगतील. तू खरी मेहनत घेतलीस ती आम्हा मोठ्यांवर, आणि त्यातही सगळ्यात जास्त माझ्यावर. ती फुकट गेली की काय, हे काल दुपारपर्यंत मला माहीत नव्हतं.

आठवतं ना, पोरांच्या खेळांचं आणि सहलींचं आपलं मंडळ नवं होतं तेव्हाचं? अमरावतीतली आपली वस्ती, बारा ते सतरा वर्षांची पोरंपोरी, रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या मागच्या व्हरांड्यात बैठक. दर रविवारी वेगळा म्होरक्या, नाहीतर म्होरकी. बैठक त्यांची, निर्णय त्यांचे, मोठ्यांनी फक्त हजर राहायचं. हे तू ठसठशीत अक्षरात लिहून भिंतीला लावलं होतंस. आणि मी, एसटीत आधी कंडक्टर आणि मग वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढलेला माणूस, त्या कागदाखाली बसून एकदा चाळीस मिनिटं बोललो. विषय काय, तर अकोल्याच्या सामन्याला कोणती गाडी धरायची. पोरं जांभया देत होती. त्या दिवशी तू काही बोलली नाहीस. पुढच्या रविवारी खडीसाखरेचं पुडकं घेऊन आलीस आणि बोराएवढा खडा माझ्या हातावर ठेवलास.

“तोंडात धर अरुण्या. हे विरघळत नाही तोवर आपण बोलाचं नाही. तोवर पोट्टे काय ते ठरवतीन. मंग काही उरलंच, त बोल.”

“आन चावला तर?”

“चावला त आवाज येते. मंग लिंबाखाली जाऊन बसाचं, बैठक सरेपर्यंत. परत आत याचं नाही.”

खडा विरघळायला वीस मिनिटं तरी लागायची, आणि तेवढ्यात पोरांनी गाडीही ठरवलेली असायची, डबेही आणि भांडून कप्तानही. माझ्या पोटात तयार असलेलं भाषण तसंच राहायचं. पहिली दोन वर्षं मी व्हरांड्यात कमी आणि लिंबाखाली जास्त होतो. पोरांनी त्या झाडाला ‘काकांचं ऑफिस’ नाव पाडलं होतं, आणि तूच ते सगळ्या अमरावतीला सांगत फिरायचीस.

तुला मात्र साखर चालायची नाही. डॉक्टरांनी चहातलीही बंद केली होती. म्हणून तू त्या छोट्या पितळी डबीतून आवळकाठी काढायचीस आणि गालात धरायचीस. वाळल्या आवळ्याचा तुकडा तो, तासभर घोळवला तरी संपत नाही. नियमाने पाहिलं तर तुला कधी बोलताच यायचं नाही. “ताई, तुले त जन्मठेप झाली,” मी म्हणायचो. तू तुकडा या गालातून त्या गालात घ्यायचीस आणि डोळ्यांनी हसायचीस.

मी लांबण लावतोय. मला वैष्णवीबद्दल बोलायचं आहे.

पंधरा वर्षांची होती ती. बारकीशी, आवाज मऊ, पुढे येऊन बोलणारी नव्हे. शेतकऱ्याची पोर. माणसं मोजायची तिला सवय होती. सहलीला, मैदानात, अगदी लग्नाच्या पंगतीतही तिची बोटं मांडीवर हळूच चालायची आणि किती जण आहेत ते तिला माहीत असायचं. मी म्हणायचो, ही म्होरकी व्हायची नाही, हिचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंत पोचत नाही. तू म्हणायचीस, “तुह्या आवाजानं कोणी सुधरलं का आजवर?”

तीन वर्षांपूर्वीचं सेमाडोहचं, जंगलातलं शिबिर. थंडीचे दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी परवानगीच्या पायवाटेने सिपना नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं, सोबत गावातला वाटाड्या. तुझा गुडघा धरला होता म्हणून तू मुक्कामी थांबलीस. त्या दिवशीची म्होरकी वैष्णवी. तिच्या गळ्यात माझी शिट्टी होती, कंडक्टर असताना गाडी मागे घेताना वाजवायचो ती. निघण्याआधी तिने सगळ्यांना बसवून सांगितलं, “कोणी मागं राहिलं त आहे तथीच बसाचं. हलाचं नाही. आम्ही परत येऊ.” शिट्टीचा आपला जुना नियम तर सगळ्यांना ठाऊकच होता. तीन लांब शिट्ट्या म्हणजे असाल तिथून उठायचं आणि आवाजाकडे यायचं.

माझी जागा रांगेत शेवटची होती. मोठ्या माणसाने सगळ्यात मागे चालायचं, तोंडात खडा धरून, हाही तुझाच नियम. पण रांग फार हळू चालली होती. कुणी पान उचलतंय, कुणी माकड दाखवतंय. मला ते सहन होईना. मी एकेकाला मागे टाकत पुढे गेलो आणि वाटाड्याच्या शेजारी चालू लागलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

नदीवर पोचल्यावर वैष्णवीने मोजलं. दोन कमी. वरूडहून मामाकडे शिकायला आलेले दोघे भाऊ, मंडळातले सगळ्यात लहान. धाकट्याच्या बुटाचा तळ निघाला होता, तो बांधायला ते खाली बसले होते, आणि त्यांच्या मागे कुणी नव्हतं.

ती घाबरली नाही, ताई. हे मी तुला नीट कधी सांगितलं नव्हतं. तिने पुन्हा एकदा मोजलं आणि वाटाड्याला म्हणाली, “आलो त्याच वाटेनं मागं जाऊ. ते बसले असतीन.” तेवढ्यात मी खडा फोडला. तिच्या गळ्यातली शिट्टी ओढली, दोरीचा ओरखडा उठला तिच्या मानेवर, आणि तीन लांब शिट्ट्या फुंकल्या. मग पुन्हा तीन. मग पुन्हा.

आणि आता ते सांगतो जे तुलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली होती, “काका, नका वाजवू.” दोनदा म्हणाली. मला ऐकू आलं होतं.

पोरं जागेवरच बसली होती. शिट्टी ऐकून उठली. त्या दरीत आवाज समोरच्या डोंगरावर आदळून उलट्या बाजूने येतो, तिकडे ती निघाली. वाट सोडून नाल्यात उतरली. दीड तासाने वाटाड्याला सापडली तेव्हा उन्हं कलली होती. धाकटा रडून रडून थकला होता, हातात घरून आणलेलं संत्रं तसंच घट्ट धरलेलं. त्या दीड तासात काय काय होऊ शकलं असतं ते मी कधी पूर्ण मनात येऊ दिलेलं नाही. थोरला म्हणाला, “आमी बसलोच होतो काका. शिट्टी वाजली मनून उठलो.” ते मी ऐकलं, वैष्णवी तेव्हा जवळ नव्हती, आणि जेवताना त्याने तुलाही सांगितलं.

परत आल्यावर पालकांची बैठक झाली. त्याच व्हरांड्यात. पोरांचा मामा ओरडत होता, “कोणाच्या भरवशावर लेकरं सोडली तुमी?” आणि मी म्हणालो, “पोरीच्या हाती दिलं, चुकलंच आमचं.” त्या वाक्यात सरळ खोटं काही नव्हतं, म्हणून तर ते मला इतकं सोयीचं वाटलं. वैष्णवी खांबाला टेकून उभी होती. तिची बोटं हलत नव्हती. तू समोर होतीस, गालात आवळकाठी. तू माझ्याकडे पाहत राहिलीस आणि काही बोलली नाहीस.

भाऊ वरूडला परत गेले. वैष्णवी त्यानंतर दोन रविवार आली, तिसऱ्या रविवारी आली नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. “कवा सांगशीन तिले?” तू दिवाळीला विचारलंस, भाच्याच्या लग्नात मांडवात विचारलंस, फोनवर तर दर महिन्याला. मी म्हणायचो सांगतो, बारावी होऊ दे तिची. मग म्हणायचो, आता विसरली असेल ती, कशाला उकरायचं. एकदा चिडून म्हणालो, तुला इतकी घाई आहे तर तूच सांग. तू म्हणालीस, “शिट्टी म्या वाजवली का?”

इथे मला तुझ्याशी भांडायचं आहे, ताई, आणि तू उत्तर देऊ शकत नाहीस हे मला सहन होत नाही. तू का नाही बोललीस? एका पोरीने तीन वर्षं नको ते ओझं वाहिलं. तुझ्या एका वाक्याने ते उतरलं असतं. तू माझी वाट पाहत राहिलीस, मी कधीतरी सुधारेन म्हणून. माझ्यासाठी एवढं थांबायचं कारण नव्हतं. मी तेवढा मोलाचा नाही. चूक माझी, पण थांबणं तुझं होतं, आणि त्याचा राग मला तुझ्या फोटोला हार घालतानाही आला.

शेवटचा फोन तूच केला होतास. “यंदा सेमाडोहले वैष्णवीले बोलवू. अकोल्याले कृषी विद्यापीठात हाये ते आता. म्या बोलली तिच्याशी. तू काय करतं ते पाय.” मी म्हणालो, गॅसवर दूध ठेवलंय, नंतर बोलतो. दूध नव्हतं गं. त्यानंतरचं बोलणं झालंच नाही.

काल पोरांनीच बैठक बोलावली. दोन विषय फळ्यावर लिहिले होते: बाईंची आठवण, आणि शिबिर. म्होरक्या मयूर, नववीतला, आवाज नुकताच फुटलेला, मधेच चिरकतो. मोठ्यांना खडे त्यानेच वाटले. वैष्णवी अकोल्याहून बसने आली होती. उंच झाली आहे. माझ्या पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला आणि माझा हात मलाच जड झाला.

पोरं तुझ्याबद्दल एकेक वाक्य बोलली. मोठं कुणीच बोललं नाही, रडलंही थोडकंच. मग शिबिराचा विषय निघाला. परवानगीला पोरींसोबत अठरा वर्षांवरची जबाबदार बाई लागते. तुझी जागा कोण घेणार? एक पोरगी म्हणाली, वैष्णवीताई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वैष्णवी म्हणाली, “मी नाही. माह्या हातून दोन लेकरं हरवली होती. मले कोणाची पोरं सांभाळाले देऊ नका.”

आपला रक्तगट सांगावा तितक्या शांतपणे म्हणाली. तेव्हा माझ्या दातांखाली खडा फुटला.

“काका, बाहेर,” मयूर म्हणाला.

मी तोंड उघडलं. आता नाही बोललो तर कधी बोलणार होतो?

“काका, नियम आहे ना.” त्याचा आवाज चिरकला, पण त्याने मान खाली घातली नाही. “बाईंचा आहे.”

तीन वर्षांपूर्वी मी त्या पोराला खडसावून बसवलं असतं. काल मी उठलो. माझ्या ऑफिसात, लिंबाखाली जाऊन बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. मयूर म्हणाला, ठीक आहे ताई, जबरदस्ती नाही. फळ्यावरचं तिचं नाव पुसल्याचा आवाजसुद्धा मला आला. ती पाचच्या गाडीने परत जाणार होती. मी घड्याळ पाहत होतो, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी पाहिलं तसं, आणि मला खरंच वाटून गेलं की जाऊ दे, गाडी निघाली की हे सुटेल. ते वाटलं तेव्हाच मला स्वतःची किळस आली.

ती पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा मी उभा राहिलो. सांगितलं. पोरं बसूनच होती, माझी शिट्टी ऐकून उठली. कसं सांगितलं आठवत नाही.

तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “तुमाले माईत होतं?”

“हो.”

“बाईले?”

“हो.”

“तीन वर्षं, काका.” एवढंच आधी. मग म्हणाली, “हॉस्टेलच्या पोरी सहलीले जातात, मी जात नाही. चार माणसं सोबत असली की मी मोजत राहते, आन मोजता मोजता घाम येते मले. तुमाले माईत होतं, आन तुमी मले काहीच सांगतलं नाही.”

मी माफी मागू लागलो. तिने हात वर केला. “मले एकटीले काहून सांगता? तेव्हा व्हरांड्यात सांगतलं होतं ना सगळ्यांपुढं? तथी चला.”

पायरीवर मयूरने अडवलं. बैठक सरली नाही, खडा फोडणारा आत येत नाही. वैष्णवी म्हणाली, “त्याहिले बोलाचं हाये.” मयूरने एकदा तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. मग बैठकीला विचारलं, आणि एकेक करत हात वर झाले. मला वाटलं, चला, सुटलो. तेवढ्यात त्याने पुडक्यातून नवा खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

“हे विरघळलं की बोला.”

ताई, बोराएवढा खडा होता तो. सतरा पोरं गप्प बसली. वैष्णवी खांबाला टेकून उभी, तीन वर्षांपूर्वीच्याच खांबाला. तिची पाचची गाडी गेली, तिने घड्याळ पाहिलं नाही. पहिली पाच मिनिटं मी मनात कारणं जुळवत होतो. दरीतला आवाज. पोराचा फाटका बूट. वाटाड्याने मागे पाहायला हवं होतं. खडा बारीक होत गेला तसं एकेक कारण मलाच पटेना. हे तू नक्की जाणून होतीस. मला इतकी वर्षं वाटत होतं की तो खडा पोरांना बोलता यावं म्हणून आहे. तोंड रिकामं झालं तेव्हा माझ्यापाशी चारच वाक्यं उरली होती.

“मी रांगेत शेवटी राहायला हवं होतं, मी पुढे गेलो. पोरं बसली असतील, मागे जाऊ, असं ही म्हणाली होती. शिट्टी वाजवू नका असंही म्हणाली होती. मी वाजवली आणि पोरं त्या शिट्टीने हरवली, हिच्यामुळे नाही.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी ‘जाऊ द्या काका’ म्हटलं नाही. त्याबद्दल मी पोरांचा आभारी आहे. मयूरने बैठकीची वही ओढली आणि लिहू लागला. लिहिता लिहिता थांबला. “काका, ते ‘वाजवू नका’ वालं परत सांगा, राहून गेलं.” मी परत सांगितलं. त्याने तारीख घालून खाली माझी सही घेतली. मला ते अपमानाचं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुझी आठवण मात्र आली, आणि या वेळी मी सगळ्यांसमोर रडलो.

वैष्णवीने मला माफ केलंय असं समजू नकोस. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती मयूरशी बोलली. “लिही. मी येते शिबिराले. शिट्टी माह्यापाशी राहीन. काका रांगेत सगळ्यात मागं.” मयूरने लिहून घेतलं, आणि फळ्यावर तिचं नाव पुन्हा चढवलं. मी पाहत होतो, ताई. तिची बोटं मांडीवर चालू होती. तिने सगळ्यांना मोजलं, आणि मोजताना शेवटचं बोट माझ्याकडे पाहून टेकवलं.

तुझी पितळी डबी माझ्याकडे आहे. तेराव्याला तुझ्या मुलाने दिली, “मामा, हे तुमीच ठेवा,” म्हणाला. मला साखरेचा आजार नाही अजून. पण सेमाडोहला मी खडीसाखर नेणार नाही, ही डबी नेणार आहे. माझ्यासारख्याला न विरघळणारंच काहीतरी लागतं. सराव म्हणून आज सकाळपासून एक तुकडा गालात धरला आहे. दोन तास झाले. तोंडाने काही बोलता येत नाही, म्हणून तर हे सगळं कागदावर उतरलं.

किती तुरट आहे गं ही. जीभ आखडून गेली माझी. आठ वर्षं दर रविवारी तू ही तोंडात धरलीस, आणि त्यातली शेवटची तीन माझ्या तोंडून खरं निघायची वाट पाहत. किती तुरट आहे ते कधी बोलली नाहीस.